दरडोईची डोई कुणाची?

सरकारी भाषेतला सगळ्यात लबाड शब्द म्हणजे 'दरडोई'. त्यात डोई आहे, पण त्या डोईला तोंड नाही. पोट नाही. जात तर नाहीच नाही. धान्य किती, माणसं किती, करा भागाकार. मलबार हिलची डोई आणि माटुंगा लेबर कॅम्पातली डोई एकाच तराजूत!

हा हिशेब कसा करतात बघा. देशात पिकलेल्या धान्यातून साडेबारा टक्के बियाणं, जनावरांचं खाद्य आणि नासधूस म्हणून वजा करायचं. आयात मिळवायची, निर्यात वगळायची. सरकारी गोदामातला साठा वाढला असेल तर तोही वजा. उरलं ते माणसांना 'उपलब्ध'. व्यापाऱ्यानं दडवलेलं पोतं मात्र वजा होत नाही. ते तुमच्या-माझ्या ताटात वाढून झालेलं असतं. 1991 साली हा आकडा माणशी रोज 510 ग्रॅम होता. 2001 साली 416. आणि त्याच 2001 मध्ये सरकारी गोदामांत सहा कोटी टन धान्य पडून होतं!

आपल्याला शिकवतात, आफ्रिकेत धान्य नाही म्हणून माणसं मरतात. तपासू या. 1979–81 च्या मानानं 1983–84 मध्ये सुदानचं अन्नोत्पादन 11–12 टक्क्यांनी घटलं. झिम्बाब्वेचं घटलं 38 टक्क्यांनी. मग माणसं कुठं मेली? शाळेतलं गणित म्हणेल, झिम्बाब्वेत. प्रत्यक्षात दुष्काळानं माणसं मारली सुदानमध्ये. झिम्बाब्वेत सरकारनं मका वाटला. सुदानमध्ये लष्करी राजवट होती, जाब विचारणाऱ्याचं तोंड बांधलेलं. ही तुलना अमर्त्य सेन यांनी मांडली आणि ती जगभर गाजली.

आपलं उदाहरण तर घरातलंच आहे. 1972–73 चा दुष्काळ. सेन यांच्याच हिशेबानं त्या काळात महाराष्ट्रातलं माणशी अन्नोत्पादन सहारापलीकडच्या आफ्रिकेच्या निम्मं होतं. तिकडं माणसं पटापट मेली. इकडं खडी फोडून, पाझर तलाव खणून, मिलो आणि सुकडी खाऊन तगली. 1973 च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. धान्य कमी होतं, पण हातात मजुरी होती. ती कुणी उदार होऊन दिली नाही. गावोगाव मोर्चे निघाले, मुंबईत बायांनी लाटणी उगारली. वि. स. पागेंच्या रोजगार हमीचा कायदा व्हायला 1977 उजाडलं आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 ला.

इथं विद्वान टाळ्या वाजवून उठतात. आपण बसून राहायचं, दोस्तांनो. कारण खरा प्रश्न पुढंच आहे.

ज्या झिम्बाब्वेनं मका वाटला, त्याच झिम्बाब्वेत फेब्रुवारी 1984 मध्ये दक्षिण मातबेलेलँडवर संचारबंदी लादली गेली. तिथं एन्डेबेले लोकांची वस्ती. ऐन दुष्काळात दुकानं बंद, मदतीचं धान्य बंद. सुमारे चार लाख माणसं कोंडली. देशाच्या दरडोईत ती सगळी मोजलेली होती!

हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. 1972 सालीच, महाराष्ट्र दुष्काळाशी झुंजत असताना, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर गावानं बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे काय? बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीत होते तिच्या 1930 च्या अहवालात ते हत्यार नोंदलेलं आहे. वाण्यानं माल द्यायचा नाही, शेतावर काम द्यायचं नाही. धान्य गावात आहे, दुकानात आहे, भागाकारातही आहे. फक्त आपल्या चुलीवर नाही.

मी फोंडाघाटचा. आमच्याकडं आभाळ फाटल्यागत पाऊस पडतो. तरी कोकणातली घरं जगली ती गिरणगावच्या मनिऑर्डरीवर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. भातखाचरं जाग्यावर, घाट जाग्यावर, दुकानातला तांदूळ जाग्यावर. मनिऑर्डर तेवढी आली नाही. दरडोई आकड्याला त्याचा पत्ताही लागला नाही. आणि त्या मनिऑर्डरीलाही जात होतीच. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागतं म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. पगार तिथं जास्त होता. बाबासाहेबांनी हा सवाल 1928 च्या संपात उभा केला. विटाळ थेट पगारात उतरत होता आणि पगारातून गावाकडच्या हंडीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: भाकरी किती आहे हे विचारण्याआधी ती कुणाच्या हक्काची आहे हे विचारा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य हक्क म्हणून लिहिलं. रोजचं भरतं 166 ग्रॅम. तेही कार्डावर नाव असेल तर! किती जणांना द्यायचं हे ठरलं 2011 च्या जनगणनेवर. महाराष्ट्र धान्याला मोताद नाही. तरी 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या पाच वर्षांखालच्या शंभर पोरांतली 35 पोरं वयाच्या मानानं खुरटलेली निघाली.

ही सरासरी फोडायचं काम आपलं आहे. त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही, वही-पेन्सिल लागते. प्रत्येक छावणीनं आपल्या वस्तीचा तक्ता करावा. घरं किती, कार्डं किती, नावं कापलेली किती, धान्य मिळालं किती, हाताला काम किती दिवस. तो तक्ता घेऊन रेशनिंग ऑफिसात, तहसीलात जावं. साहेब दरडोई म्हणाला की आपण वहीतली नावं मोठ्यानं वाचावीत. एकेक करून. सगळी.