लिव्हरची गाठ काढल्यावर

कशेळी, काल्हेर, पूर्णा या आपल्या गावांतून ठाण्याला लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणारी घरं आहेत. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ काढून माणूस घरी आला की भेटायला येणारे बाहेर ओटीवर हळूच विचारतात, "डॉक्टरांनी किती वर्षं सांगितली?"

गाठ लहान, एकच आणि रक्तवाहिनीत न शिरलेली असेल, उरलेलं लिव्हर धड असेल, तर ऑपरेशननंतर निम्म्याहून अधिक रुग्ण ५ वर्षं पार करतात. पण गाठ गेली तरी ज्या लिव्हरमध्ये ती उगवली, ते पोटातच राहतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, साचलेली चरबी यांनी ते बहुतेकदा आधीच निबर झालेलं असतं. म्हणून ५ वर्षांत निम्म्याहून जास्त जणांत गाठ पुन्हा दिसते. लहान असतानाच सापडली, तर पुन्हा ऑपरेशन करता येतं, सुईने जाळता येते, काहींना लिव्हर बदलताही येतं. मोठी झाली की हे मार्ग एकेक करून बंद होतात.

तेव्हा, विशेषतः पहिली २ वर्षं, डॉक्टर बोलावतील त्या तारखेला जाच. गोदामातला खाडा पडतो, दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरीही जा. लहान गाठ दुखत नाही, भूकही नेहमीसारखी लागते. बरं वाटतंय एवढ्यावर विसंबू नका. हिपॅटायटिस बीची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका. काविळीचा झाडपाला नको. दारू तर थेंबभरही नको. आणि घरच्यांनो, हळदीच्या मांडवात रुग्णाच्या हातात ग्लास देऊन आग्रह करू नका.

आणखी एक. अमिताभ बच्चन यांना १९८२मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला. कळलं ते कित्येक वर्षांनी, तोवर ७५ टक्के लिव्हर निकामी झालं होतं. हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे. तुमच्या रुग्णाला हा विषाणू असेल, तर घरात आणखी कुणाला तो असाच नकळत असू शकतो; म्हणून बायको, मुलं, भावंडं सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. २०१८पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी. घरात बाळ जन्मलं, तर पहिल्या २४ तासांतली लस दिली का, हे नर्सला विचारा.