शिक्का कोणाचा?

दिवाळीच्या तोंडावर घरोघर साफसफाई निघते. यंदा म्हटले, घरच्या संगणकाचीही करून टाकू! जाहिरातींचा केर दारातच अडवावा म्हणून प्रिव्हॉक्सी नावाचा प्रॉक्सी बसवला. प्रॉक्सी म्हणजे आपल्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये बसलेला कारकून. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसची, पाने तपासण्याची सोय त्यात २०२० पासून आहे. तीही चालू केली. तिला लागणारे मुख्य प्रमाणपत्र मीच तयार केले, आणि निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सौ. विजेचे बिल भरायला बसली. पडद्यावर इशारा: ही जोडणी सुरक्षित नाही!

"कालपर्यंत चालत होतं. काय करून ठेवलंत?"

चिरंजीवांना फोन लावला. "बाबा, 'तरीही पुढे जा' असं असेल बघा, ते दाबा."

मी दाबले नाही. हे प्रमाणपत्र दिले कोणी, ते उघडून पाहिले. तेथे माझेच नाव!

मग उलगडा झाला. आमचा कारकून प्रत्येक पाकीट फोडतो, तपासतो आणि घरचा शिक्का मारून पुन्हा बंद करतो. ब्राउझरजवळ मान्य शिक्क्यांची यादी असते. मीच मला दिलेला शिक्का तिच्यात कोठून असणार? बिचाऱ्याने चोख पहारा केला होता!

उपाय सोपा. ते मुख्य प्रमाणपत्र विश्वासू अधिकाऱ्यांच्या यादीत एकदाच नोंदवले. लिनक्सवर फायरफॉक्सची यादी वेगळी असते, तेथेही नोंदवले. इशारा गेला.

पण या शिक्क्याची खासगी किल्ली चोराच्या हाती लागली तर? तो कोणत्याही बँकेचे सोंग आणील आणि ब्राउझर त्याला मुजरा करील! २०१५ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचा असाच मध्यस्थ आढळला. साऱ्यांत किल्ली एकच, आणि ती जगजाहीर झाली. म्हणून माझी किल्ली मी इतरांच्या नजरेआड ठेवली. बँकेची आणि बिलांची पाकिटे न फोडता सोडावीत असा हुकूम कारकुनाला दिला. बाकीच्या पाकिटांवरचे मूळ शिक्के आता ब्राउझरला दिसत नाहीत, तेव्हा ते कारकून स्वतः पारखतो ना, हेही पाहून घेतले.

बिल भरले गेले. संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "एवढा खटाटोप? ते बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आज काहीच नाही," मी म्हणालो. "पण खरा चोर येईल त्या दिवशीही तुझ्या आईनं तेच बटण दाबलं असतं."