व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

मुलाने अमेरिकेत घर घेतले किंवा लेकीला कॅनडात दिवस गेले, की पुण्या-मुंबईतील आई-वडिलांच्या पासपोर्टांची शोधाशोध सुरू होते. उन्हाळ्यात निघायचे आणि दिवाळीच्या आत परतायचे, हा अनेक मध्यमवर्गीय घरांत आता रुळलेला बेत आहे. बाळंतपण, नातवंडाचे पहिले काही महिने, कधी एखादी शस्त्रक्रिया, अशी त्यामागची कारणे असतात. ही काही सहल नव्हे. परंतु बहुतेक देशांच्या कायद्याच्या लेखी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई आणि नायगारा पाहायला निघालेला प्रवासी हे दोघेही पर्यटकच. व्हिसा निवडताना होणाऱ्या चुकांचे मूळ बहुतांशी येथेच आहे.

सर्वाधिक गैरसमज अमेरिकेबाबत आढळतो. तेथील बी-१/बी-२ व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो. या मुदतीचा अर्थ इतकाच, की तोपर्यंत अमेरिकेच्या दारात उभे राहून प्रवेश मागता येतो. आत किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख 'आय-९४' या नोंदीत उमटते. साधारणतः ही मुदत सहा महिन्यांची असते. २०१३ पासून विमानतळावर कागदी आय-९४ देणे बंद झाले असून ही नोंद संकेतस्थळावर पाहावी लागते. पासपोर्टवरील व्हिसाची तारीख पाहून निर्धास्त राहणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच. ठरलेल्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिले, तरी तो व्हिसा रद्द समजला जातो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतणाऱ्यास तीन वर्षे, तर वर्ष वा त्याहून अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाकारला जातो. मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो, पण तो तारीख उलटण्यापूर्वीच.

वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाची पगारपत्रके आणि निमंत्रणपत्र यांची जाडजूड फाईल नेण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात निमंत्रणपत्राची आवश्यकताच नाही. कायद्याचे गृहीतक असे, की प्रत्येक अर्जदार तेथे कायमचा राहायला निघाला आहे; तसे नाही हे अर्जदाराने आपल्या घर, निवृत्तिवेतन, नातीगोती यांवरून पटवायचे असते. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरील ज्येष्ठांची मुलाखतीतील सरसकट सूटही गेली. जुना व्हिसा संपून वर्ष उलटले नसेल, तर मात्र नूतनीकरणात अजूनही सवलत मिळू शकते. म्हणून ती तारीख टिपून ठेवणे फायद्याचे.

ब्रिटनचा भेटीचा व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असला, तरी एका खेपेस सहा महिन्यांहून अधिक राहता येत नाही. तेथे नातवंडाकडे पाहण्यास मुभा आहे, मात्र ती अल्पकाळच्या भेटीपुरती. आजीची नेमणूक पाळणाघरासारखी होता कामा नये. युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस हाच हिशेब. बाळंतपणासाठी तो अपुराच म्हणायचा.

आई-वडील पर्यटक नसतात, हे मान्य केले ते कॅनडाने. २०११ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'सुपर व्हिसा'वर जुलै २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. तो फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. भाच्याकडे निघालेल्या मावशीस तो मिळत नाही. मात्र मुलाचे उत्पन्न कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरवलेल्या किमान मर्यादेइतके हवे, वैद्यकीय तपासणी हवी आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. पूर्वी हा विमा कॅनडातील कंपनीचाच लागे. जानेवारी २०२५ पासून अटींत बसणाऱ्या परदेशी कंपन्यांचाही चालतो. केवळ चार-पाच महिन्यांचा मुक्काम असेल, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो.

ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये पालकांसाठी '८७०' हा तीन किंवा पाच वर्षांचा व्हिसा आणला. त्याचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात आहे आणि त्यावर नोकरी करता येत नाही. साध्या '६००' व्हिसावर जाणाऱ्यांनी '८५०३' ही अट लागली आहे का, हे पाहावे. ती असल्यास तेथे राहून मुक्काम वाढवण्याची वाट बहुधा बंद होते.

लांबच्या मुक्कामाचा खरा भार अखेर औषधोपचारावर पडतो. अमेरिकेत भेटीला जाणाऱ्यास विम्याची सक्ती नाही, आणि म्हणूनच तो टाळण्याचा मोह होतो. ऑस्ट्रेलियाचा भारताशी वैद्यकीय सेवेबाबत परस्पर करार नसल्याने तेथील सरकारी आरोग्यसेवेचा लाभही पाहुण्यांस मिळत नाही. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रवाशाच्या पॉलिसीत पूर्वीच्या आजारांविषयीचे कलम काय म्हणते आणि ती किती दिवसांनी संपते, या दोन गोष्टी परतीची तारीख ठरवण्याआधी पाहायच्या आहेत.