घरच्या मैदानावर खेळू द्या: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रेक्षकांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
मा. संचालक, क्रीडा व शारीरिक शिक्षण विभाग,
आणि संलग्न महाविद्यालयांचे सर्व मा. प्राचार्य

विषय: आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची घटलेली प्रेक्षकसंख्या आणि त्यावर करावयाची कार्यवाही

महोदय,

आमची संघटना विद्यापीठ क्षेत्रातील आजी-माजी महाविद्यालयीन खेळाडू, शारीरिक शिक्षण संचालक आणि पंच यांची आहे. मैदान आखण्यापासून निकालपत्रावर सही होईपर्यंत या स्पर्धांचे सगळे काम आमचे सदस्य करतात. या स्पर्धांना आता बघणारे उरलेले नाहीत. विभागीय कबड्डीचा अंतिम सामना राखीव खेळाडू, गुणलेखक आणि उपांत्य फेरीत हरून थांबलेला एखादा संघ एवढ्यांसमोर संपतो. याबद्दल निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोच आमच्याकडे आहेत, उत्तरे नाहीत. म्हणून हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

प्रशासनाकडून आजवर तोंडी एकच कारण सांगितले गेले: हल्लीच्या मुलांना मोबाइलपुढे मैदान दिसत नाही. हे कारण आम्ही स्वीकारत नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयांचे विद्यार्थी आजही ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत नाट्यगृह दणाणून सोडतात. आपल्या महाविद्यालयाची एकांकिका असली की ते रांगा लावतात, घसा बसेपर्यंत ओरडतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून वसतिगृहांतली पोरे संध्याकाळी चढाया-पकडींवर हुज्जत घालतात. पुणेरी पलटणने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले, तो सामना आमच्या भागातल्या किती खोल्यांमध्ये एका मोबाइलभोवती दाटी करून पाहिला गेला, हे कोणत्याही रेक्टरना विचारावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. खेळाची आवड आहे, महाविद्यालयाचा अभिमानही आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या मैदानापर्यंत पोहोचू नयेत, अशीच सध्याची स्पर्धारचना आहे.

ती रचना अशी. विभागातले सगळे संघ एका यजमान महाविद्यालयात बोलावले जातात. भाग्यपत्रिका त्याच सकाळी निघते. बाद पद्धतीने दोन दिवसांत, अनेकदा एकाच दिवसात, स्पर्धा उरकली जाते. पहिलाच सामना हरलेला संघ डबा खाऊन परतीची एसटी पकडतो. यजमान सोडले तर एकाही महाविद्यालयाचे विद्यार्थी आपला संघ खेळताना पाहू शकत नाहीत, कारण तो संघ साठ-सत्तर किलोमीटरवर खेळत असतो. तीन वर्षे महाविद्यालयाकडून खेळलेली, विद्यापीठाचा ब्लेझर मिळवलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते, आणि तिच्या वर्गातल्या एकीनेही तिला एकदाही खेळताना पाहिलेले नसते. याला आम्ही अन्याय म्हणतो. हा अन्याय खेळणारीवर आहे, तसाच बघणारीवरही आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी घरच्या सामन्यांची आहे. विभागीय बाद स्पर्धा आणि विद्यापीठ संघाची निवड आज जशी होते तशीच चालू राहावी. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यांना धक्का लावण्याचे कारण नाही. त्याखेरीज जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे स्नेहसंमेलनांच्या दिवसांत, साखळी स्पर्धा सुरू करावी. पहिल्या वर्षी फक्त कबड्डी घ्यावी. विद्यापीठाच्या चारही विभागांतून, मागील दोन वर्षांच्या निकालांवरून, पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ असलेली प्रत्येकी सहा महाविद्यालये निवडावीत. प्रत्येकाने उरलेल्या पाचांशी एकदा खेळावे. विभागात १५ लढती होतील, पाच आठवड्यांत दर आठवड्याला तीन. तीन महाविद्यालयांना तीनदा आणि तीन महाविद्यालयांना दोनदा यजमानपद मिळेल, आणि पुढच्या वर्षी हा क्रम उलटा होईल. शेवटच्या क्रमांकाच्या महाविद्यालयाने जागा सोडावी आणि बाहेरच्या सर्वोत्तम महाविद्यालयाने ती घ्यावी, म्हणजे कोणाचीही मक्तेदारी होणार नाही.

पुरुष आणि महिला यांच्या लढती एकाच दिवशी, एकाच मैदानावर, पाठोपाठ व्हाव्यात. ही अट आम्ही सोडणार नाही. आज महिलांचे सामने सकाळी लवकर, मैदानावर पाणी मारणे चालू असताना उरकले जातात. साखळीत एका आठवड्यात महिलांचा सामना आधी आणि पुरुषांचा नंतर, तर दुसऱ्या आठवड्यात उलट क्रम ठेवावा. अखेरचा सामना पाहायला सर्वांत जास्त गर्दी असते, तिच्यावर दोन्ही संघांचा सारखाच हक्क आहे.

आता वेळेविषयी. सामने भरतात सकाळी दहाला, तेव्हा तास चालू असतात. दुपारी विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके असतात. सत्र पद्धतीमुळे अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्प वर्षभर मागे असतात. अशा वेळी मैदानावर आलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते आणि ७५ टक्के उपस्थितीची अट डोक्यावर असते. त्याने कोणत्या हिशेबाने यावे? दुसरीकडे, सामना उशिरा ठेवला तर तालुक्याच्या गावी येणाऱ्या विद्यार्थ्याची शेवटची एसटी चुकते. हे दोन्ही सांभाळून वेळ ठरवता येते. कबड्डीचा सामना फार तर वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा, मध्यंतर पाच मिनिटांचे. पुरुष आणि महिला असे दोन्ही सामने दुपारी ४ ला सुरू करून सायंकाळी ६ ला संपवता येतात. दिवस सोमवार ते शुक्रवार यांपैकीच असावा. रविवार नको, कारण त्या दिवशी आमचा अर्धा प्रेक्षक गावी शेतात असतो.

यासाठी घरच्या सामन्याच्या दिवशी यजमान महाविद्यालयात दुपारी ३.३० नंतर तास, प्रात्यक्षिक किंवा चाचणी ठेवू नये, असे परिपत्रक विद्यापीठाने काढावे. वर्षातून जास्तीत जास्त तीन दिवसांचा आणि दर दिवशी दीड-दोन तासांचा हा प्रश्न आहे. तास बुडतात ही तक्रार करणाऱ्या प्राचार्यांना आम्ही हा हिशेब समोर बसून दाखवायला तयार आहोत.

मात्र प्रेक्षक सक्तीने आणू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. उद्घाटनाला राष्ट्रीय सेवा योजनेच्या आणि एनसीसीच्या मुलांना उन्हात रांगेने बसवायचे, पाहुण्यांची भाषणे तासभर ऐकवायची आणि नाणेफेक होताच त्यांना वर्गात पाठवायचे, ही पद्धत बंद व्हावी. खेळाडू अंग गरम करून तयार असतात आणि सत्कारांची यादी संपेपर्यंत पुन्हा थंड पडतात. यातून दुखापती होतात, हे आमच्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने पाहिले आहे. उद्घाटन १५ मिनिटांत आटोपावे, बक्षीस समारंभही तेवढ्याच वेळात. पाहुणे निघून गेल्यावर पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नयेत, त्या विद्यार्थ्यांना द्याव्यात.

सामन्यासाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार वेगळा आहे. समालोचन, गुणलेखन, छायाचित्रण, निकालाची बातमी तयार करणे ही शिकण्याची कामे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमासाठी श्रेयांक आहेत. संपूर्ण साखळीत असे काम केलेल्या विद्यार्थ्याला त्यातून श्रेयांक मिळावेत. नुसते बसून राहिल्याबद्दल श्रेयांक देऊ नयेत. समालोचन मराठीत असावे. ‘बोनस’, ‘लोण’, ‘तिसरी चढाई’ हे शब्द मैदानावर घुमले की नवखा माणूसही खेळात गुंततो, हा गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचा अनुभव आहे.

विद्यार्थिनी प्रेक्षक कमी का येतात, हे विचारायला कोणी आले नाही. कारणे साधी आहेत. मैदानाजवळचे स्वच्छतागृह कुलूपबंद असते किंवा वापरण्याजोगे नसते. वसतिगृहाची आत येण्याची वेळ सामन्याच्या वेळेशी जुळत नाही. बसायला जागा नसल्याने कडेने दाटीवाटीत उभे राहावे लागते. यजमानपद देताना पुढील गोष्टींची लेखी हमी घ्यावी: महिलांसाठी उघडे व स्वच्छ स्वच्छतागृह, किमान २०० जणांसाठी सावली आणि बैठक, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार. बैठकीसाठी गॅलरी बांधा असे आम्ही म्हणत नाही. मांडव आणि सतरंज्या पुरेशा आहेत. सामन्याच्या दिवशी वसतिगृहाची वेळ एका तासाने वाढवावी.

वेळापत्रक आज शारीरिक शिक्षण संचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदल्या रात्री येते. विद्यार्थ्याला कळेपर्यंत स्पर्धा संपलेली असते. साखळीचे संपूर्ण वेळापत्रक पहिल्या लढतीच्या किमान २१ दिवस आधी जाहीर व्हावे, प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागावे आणि एकदा लागल्यावर बदलू नये. अपवाद फक्त पावसाचा किंवा विद्यापीठ परीक्षेचा. निकाल त्याच रात्री ८ पर्यंत प्रसिद्ध करावा.

फाटकाचा प्रश्नही सोडवावा. ओळखपत्र नसेल तर प्रवेश नाही, या नियमामुळे माजी खेळाडू, पालक आणि गावातल्या मंडळांचे कार्यकर्ते बाहेर उभे राहतात. कबड्डी आणि कुस्ती आमच्या भागात तालमींनी आणि मंडळांनी जगवली, महाविद्यालयांना चांगले खेळाडू त्यांनीच दिले. त्यांना सामना पाहण्यासाठी नोंदवहीत नाव लिहून विनामूल्य प्रवेश मिळावा.

यावर शिस्तीचा आक्षेप येईल याची आम्हाला कल्पना आहे. भांडणे झाली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठी आम्हीच अटी सुचवतो: डीजे आणि फटाके पूर्ण बंद, ढोल-ताशा फक्त मध्यंतरात. पंचांना शिवीगाळ किंवा मैदानात घुसखोरी झाल्यास यजमान महाविद्यालयाचा पुढचा घरचा सामना काढून घ्यावा. प्रत्येक लढतीला संघटना आपले दहा स्वयंसेवक विनामोबदला देईल. गर्दीच्या भीतीने गर्दीच बंद करणे हा उपाय आम्हाला मान्य नाही.

खर्च. एका लढतीसाठी १०,००० रुपये धरावेत: पाहुण्या महाविद्यालयाच्या दोन्ही संघांचा प्रवास ५,०००, पंच आणि गुणलेखकांचे मानधन ३,०००, मांडव, पाणी व मैदान आखणी २,०००. चार विभागांच्या ६० लढतींना ६,००,००० रुपये लागतात. विभाग विजेत्यांचे दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना धरून ६,३०,०००. प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी प्रवेशाच्या वेळी जिमखाना शुल्क भरतो. संघात निवड न झालेल्या विद्यार्थ्याला त्या शुल्काच्या बदल्यात आज मैदानावर काहीही मिळत नाही. तेव्हा हा खर्च त्या शुल्कातील विद्यापीठाच्या वाट्यातून करावा आणि त्या वाट्याचा मागील तीन वर्षांचा जमाखर्च अधिसभेसमोर ठेवावा. वेगळे शुल्क लावण्यास आमचा विरोध राहील. प्रायोजक घेण्यास हरकत नाही, मात्र तंबाखू, गुटखा आणि ऑनलाइन जुगाराचे फलक मैदानावर चालणार नाहीत.

यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणाला आमचा पाठिंबा आहे. परंतु प्रक्षेपण सुरू केले की काम झाले, असे समजू नये. मैदानावर शंभर जण जमले तर खेळाडूची तिसरी चढाई वेगळी होते, हे आम्ही स्वतः खेळलो म्हणून ठामपणे सांगतो. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरपासून सुरू झाल्या. तेथे आमची मुले पहिल्यांदाच प्रेक्षकांच्या गोंगाटात उतरतात. त्या गोंगाटाची सवय त्यांना घरी व्हायला हवी.

पहिल्या वर्षीचा अनुभव पाहून दुसऱ्या वर्षी खो-खो आणि तिसऱ्या वर्षी व्हॉलीबॉल या साखळीत घ्यावेत. प्रत्येक लढतीला किती प्रेक्षक आले याची मोजणी यजमान महाविद्यालय आणि संघटना यांनी मिळून करावी आणि ती उघड करावी. तीन वर्षांनी संख्या वाढलेली नसेल, तर योजनेचा फेरविचार करण्यास आमची संमती आहे.

या मागण्यांवर निर्णय घेण्यासाठी कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली क्रीडा विभाग, प्राचार्यांचे तीन प्रतिनिधी आणि संघटनेचे तीन प्रतिनिधी यांची बैठक हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत व्हावी आणि तिचे इतिवृत्त आठ दिवसांत आम्हाला मिळावे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात साखळीची तरतूद दिसावी. तसे न झाल्यास आमचे सदस्य पंचगिरी, गुणलेखन आणि संघांची तयारी नेहमीप्रमाणे करतील, कारण खेळाडूंना त्रास होईल असे पाऊल आम्ही उचलणार नाही. मात्र कोणत्याही उद्घाटन किंवा बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर संघटनेचा एकही सदस्य येणार नाही, आणि हा विषय अधिसभेच्या पुढील बैठकीत पदवीधर प्रतिनिधींमार्फत मांडला जाईल. बैठकीची तारीख संघटनेच्या सचिवांना लेखी कळवावी.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य

प्रत माहितीसाठी: व्यवस्थापन परिषदेचे सर्व मा. सदस्य, विद्यार्थी परिषद