वाळीत टाकण्याचे अर्थकारण

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा संमत केला आणि जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. तथापि एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या. त्याचा दोष कायद्याच्या माथी मारण्यापूर्वी थोडे मागे पाहणे उचित ठरेल.

जातिबहिष्कृत माणसाचा मालमत्तेवरील व वारशावरील हक्क बुडू नये, अशी तरतूद कंपनी सरकारने १८५० च्या एकविसाव्या कायद्याने केली. १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. कागदोपत्री पाहता बहिष्काराचे शस्त्र तेव्हाच बोथट व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि घरच्या माणसांनाही त्याची झळ पोचली. विवाह कायदेशीर होता. पण गावपंक्तीला कोणी बसावे हे कायदा ठरवीत नव्हता.

कर्वे या प्रसंगातून तरले, त्याचे श्रेय त्यांच्या धैर्याला आहेच. परंतु त्यांचा चरितार्थ पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापनावर चालत होता, हेही विसरून चालणार नाही. ज्याची मजुरी, उधारी, पिण्याचे पाणी आणि मुलीची सोयरीक एकाच गावाच्या हाती असते, त्याने तेवढेच धैर्य दाखवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

केवळ पोटापाण्याची सोय झाली म्हणजे भीती सरते, असेही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे न्यायखात्यात उच्च पदावर होते. त्यांची नोकरी हिरावणे कोणाच्याही हाती नव्हते. तरीही १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःचे नुकसान सोसता येते. आपल्यापायी स्नेह्यांची व घरच्यांची कोंडी झालेली सोसवत नाही. बहिष्काराचे खरे बळ येथे आहे.

पुढे मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारविरोधी कायदा केला. धर्मपंथाच्या आपला कारभार पाहण्याच्या अधिकाराला त्याने बाध येतो, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बहुमताने रद्दबातल केला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. हा वाद महत्त्वाचा आहे. पण बहिष्कृताच्या दारातली अडचण त्याहून साधी आहे. फिर्याद त्याने द्यायची, साक्ष शेजाऱ्याने द्यायची, आणि निकालानंतरही दोघांनी त्याच गावात राहायचे.

म्हणून कायद्याची उपयुक्तता केवळ दाखल गुन्ह्यांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. गावाबाहेर मिळणारे काम, पंचांच्या मर्जीवर न चालणारे रेशन व नळाचे पाणी, आणि मुलांचे शिक्षण यांनी माणसाचे परावलंबन कमी होते. तेवढ्या प्रमाणात पंचांच्या शब्दाची किंमतही उतरते. उरते ती शेजाऱ्याची जबाबदारी. बहिष्कृताच्या घरचे लग्न ठरते, तेव्हा आपण सुशिक्षित म्हणविणारे किती जण त्या मांडवात जेवायला जातो, याचे उत्तर शासनाने द्यावयाचे नाही. ते आपले आपणच द्यावयाचे आहे.