बांधावर उभे कोण?

आषाढात तोरण्याच्या पायथ्याशी कधी जाणे झाले, तर खाचरांतून भाताची लावणी चाललेली दिसेल. लांबून सगळी लावणी सारखीच दिसते. वाकलेल्या पाठी, डोक्यावर इरली किंवा प्लास्टिकचे कागद, गुडघाभर चिखल. पण गावातल्या माणसाला विचारले तर तो सांगेल, की या खाचरात रोजाने काम चालले आहे आणि पलीकडच्या खाचरात उक्ते दिले आहे. रोजाच्या कामावर मालकीण बांधावर उभी असते. सकाळी कधी यायचे, न्याहारी कधी करायची, रोप किती अंतरावर लावायचे, हे ती सांगते. उक्त्या कामात भाव खाचराचा ठरतो. टोळीच्या मुकादमाने दहा माणसे आणावीत की पंधरा, आज यावे की उद्या, हा त्याचा प्रश्न. काम लवकर उरकले तर नफा त्याचा, पावसाने दिवस वाढले तर तोटाही त्याचाच. आणि तिसरा असतो सालगडी. तो वर्षभर त्या घराचाच.

भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही आजीला हा फरक समजावून द्यावा लागत नाही. शिकल्यासवरल्या जगाला मात्र तो समजेनासा झाला आहे, किंवा समजून घ्यायचा नाही.

हे आठवण्याचे कारण एक तरुण. मी भोरमध्ये लोकांची करविवरणे भरून देण्याचे काम करतो. वेल्हे तालुक्यातला (सरकारी कागदावर आता तो राजगड तालुका झाला आहे) हा मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. आयटीआय झालेला, महामार्गालगतच्या एका कारखान्यात तीन वर्षे कामाला. महिना वीस हजार ठरलेले, हातात अठरा हजार येतात. "काका, दोन हजार कुठं जातात ते बघा की," एवढेच त्याचे म्हणणे.

मी करार वाचला. त्यात त्याचा उल्लेख ‘तांत्रिक सल्लागार’ असा होता. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे, कंपनीचा नोकर नाही, असे तीन ठिकाणी लिहिले होते. मग मी त्याला त्याचा दिवस विचारला. सकाळी आठला यंत्रावर अंगठा. अंगात कंपनीचा सदरा. हत्यारे कंपनीची. सुट्टीसाठी अर्ज. दुसरीकडे काम करायला बंदी. एखाद्या दिवशी स्वतःऐवजी भावाला पाठवता येईल का, असे विचारल्यावर तो हसायलाच लागला. बरोबर त्याची आई आली होती. तिने विचारले, "सल्ला कुणाला देतोस रे तू?" चहाला जायचे तर सुपरवायझरला विचारावे लागते, असा हा सल्लागार!

कागदाचे दोन उपयोग

त्या दोन हजारांचा हिशेब सोपा आहे. मालक नोकराला पगार देतो तेव्हा वर्षाचे एकूण उत्पन्न पाहून, कर लागत असेल तरच तो कापतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम १९२ ते हेच. व्यावसायिकाची फी देताना मात्र कलम १९४ जे प्रमाणे, ठरलेल्या मर्यादेच्या वर रक्कम गेली की साधारण दहा टक्के कापून ठेवायचे असतात, मग त्याला अखेरीस कर लागो वा न लागो. (आकडे मी मुद्दाम सर्वांच्या तोंडी बसलेल्या जुन्या कायद्याचे देतो आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले. पगार आणि फी यांतला भेद कायम आहे.) या मुलाचे वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार. त्यावर कर शून्य. कापले गेले २४ हजार. पगार म्हणून दिले असते तर एक रुपयाही कापावा लागला नसता.

विवरणपत्र भरले की पैसे परत मिळतात, हे खरे. पण ते भरायचे असते, हेच त्याला कुणी सांगितले नव्हते. मुदत उलटलेल्या वर्षांसाठी विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो, तो वेगळाच. आणि कर हा त्याच्या नुकसानीचा लहान भाग. तो नोकर नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही. पंधरा हजारांच्या वेतनावर मालकाचा बारा टक्के वाटा धरला, तर महिना १,८०० रुपये, वर्षाला २१,६०० रुपये त्याच्या नावावर पडायला हवे होते. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा २१ हजार आहे. तो विमा लागू असता तर आई आजारी पडल्यावर त्याला हातउसने मागावे लागले नसते. ग्रॅच्युइटीचा तर विषयच नाही.

आता याच कागदाचे दुसरे टोक पाहा. पुण्यातला एखादा संगणक अभियंता वर्षाला १८ लाख घेतो. कंपनी एकच, काम तेच, साहेब तोच. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत तो पगारदार असेल, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १७ लाख २५ हजारांवर उपकरासह १ लाख ५० हजार ८०० रुपये कर होतो. त्याच माणसाने ‘सल्लागार’ म्हणून कलम ४४ एडीए खाली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, तर ९ लाखांवर सवलत मिळून कर शून्य. वीस लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटीची नोंदणीही नको. ही सोय खऱ्या वकिलासाठी, डॉक्टरसाठी, वास्तुविशारदासाठी आहे. ज्याला जागेचे भाडे द्यावे लागते, मदतनीस ठेवावा लागतो, ज्याचे पैसे बुडतात, त्याच्यासाठी. वातानुकूलित कार्यालयात कंपनीच्याच संगणकावर बसणाऱ्याचा असा कोणता खर्च होतो?

म्हणजे वरच्या टोकाला हा कागद कर वाचवतो आणि खालच्या टोकाला तोच कागद खिसा कापतो. गंमत अशी की कर खात्याचे लक्ष फक्त वरच्या टोकाला जाते, कारण तिजोरीचे नुकसान तिथे आहे. आमच्या वेल्ह्याच्या मुलाच्या बाबतीत तिजोरीला उलट जास्तच मिळाले. मग नोटीस कोण काढणार?

न्यायालयाने काय पाहिले

कागदावर लिहिलेले नाव निर्णायक नाही, हे सर्वोच्च न्यायालय सत्तर वर्षांपासून सांगत आले आहे. धांगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल १९५७ च्या निकालपत्रांत छापला आहे. सौराष्ट्रातल्या मिठागरांतले आगरिया कुटुंबकबिल्यासह येत, वाट्याला आलेल्या पट्ट्यात मीठ पिकवत, मणावर पैसे घेत. कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला ते स्वतः माणसेही लावत. कंपनी म्हणाली, हे ठेकेदार. न्यायालयाने पाहिले, की मीठ तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख आहे, आणि त्यांना कामगार ठरवले. थोडक्यात, बांधावर कंपनी उभी होती.

पण हे माप वाटते तितके सरळ नाही. आपल्याकडच्या विडी कारखान्यांची उदाहरणे पाहा. १९६१ च्या बिरधीचंद शर्मा खटल्यात नागपूरच्या कारखान्यातले विडी वळणारे केव्हाही येऊ-जाऊ शकत होते, तरी काम कारखान्यातच करायचे आणि निकृष्ट विडी नाकारली जायची, म्हणून ते कामगार ठरले. पुढच्याच वर्षीच्या शंकर बालाजी वाजे खटल्यात जवळजवळ तशाच परिस्थितीतला विडी वळणारा कामगार नाही, असा निकाल झाला. अखेर १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी संसदेलाच वेगळा कायदा करावा लागला.

म्हणून पुढे न्यायालयांनी एकच फूटपट्टी सोडून अनेक खुणा एकत्र पाहायला सुरुवात केली. काम कसे करायचे हे कोण सांगतो? हत्यारे कोणाची? नफा-तोटा कोणाचा? दुसरीकडे काम करण्याची मोकळीक आहे का? बदली माणूस चालतो का? कर खात्याशी पुण्यातल्या रुबी हॉल क्लिनिकचा जो वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, त्याच्या २०१५ च्या निकालातही मानद डॉक्टरांच्या कराराच्या अटीच तपासल्या गेल्या. निर्वाह निधी वा निवृत्तीचे लाभ नाहीत आणि रुग्णालयाबाहेर स्वतःचा व्यवसाय करायला मोकळे, अशा डॉक्टरांना मिळते ती फी, पगार नव्हे, हा विचार तिथे मान्य झाला. ते योग्यच होते. रुग्ण त्या डॉक्टरच्या नावावर येतो. उद्या त्याने रुग्णालय बदलले तर रुग्णही त्याच्यामागे जातो. आमच्या मुलाच्या नावावर कारखान्यात कोण येते?

सुशीलाबेन गांधी खटल्याच्या २०२० च्या निकालात न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. खुणा दोन्ही बाजूंनी सारख्या पडल्या आणि प्रश्न दुर्बळ माणसाच्या हिताच्या कायद्याचा असला, तर पारडे नोकरीच्या बाजूने झुकावे. मला यात केवळ दया दिसत नाही, साधे व्यवहारज्ञान दिसते. करार लिहितो कोण? ज्याच्याकडे वकील असतो तो. सही करतो कोण? ज्याला उद्या काम हवे असते तो.

विलायतेचा धडा

हा प्रश्न एकट्या आपला नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली सरकारने एक पत्रक काढले आणि त्याच्या क्रमांकावरून ‘आयआर ३५’ हे नाव रूढ झाले. २००० पासून लागू झालेल्या या नियमांचा हेतू असा, की स्वतःची एकमाणशी कंपनी काढून प्रत्यक्षात नोकरासारखे राबणाऱ्याने नोकराइतकाच कर द्यावा. तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या संगणकवाल्या मराठी मंडळींना हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. निवाडा करण्याची जबाबदारी २०१७ मध्ये सरकारी खात्यांत आणि २०२१ मध्ये मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत काम देणाऱ्यावर आली. परिणाम काय झाला? दंडाच्या भीतीने काही मोठ्या संस्थांनी प्रत्येकाचा वेगळा विचार करण्याऐवजी सरसकट सगळ्यांनाच एका दावणीला बांधले. खरे स्वतंत्र व्यावसायिकही त्यात भरडले गेले. आणि कराच्या दृष्टीने नोकर ठरलेल्यांना भरपगारी रजा किंवा नोकरीचे संरक्षण आपोआप मिळाले नाही. कर नोकराचा आणि हक्क कोणाचेच नाहीत, अशी स्थिती आली.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. निवाडा माणसागणिक व्हावा, सरसकट नव्हे. आणि कर व हक्क यांची सांगड घातली जावी. ज्याला कायदा करासाठी नोकर म्हणेल, त्याला निर्वाह निधीसाठीही नोकर म्हणावे.

आक्षेप आणि उत्तर

लहान कारखानदार म्हणतील, एवढा बोजा आम्हाला झेपणार नाही. त्यांची अडचण खोटी नाही. आज ऑर्डर आहे, सहा महिन्यांनी नसेल. पण त्यासाठी मुदतबंद नोकरीचा मार्ग कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी तो नीट आखून दिला आहे, आणि अशा नोकराला एक वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. काम तात्पुरते असू शकते. पण तात्पुरता नोकर हा नोकरच असतो. सहा महिन्यांसाठी ठेवला म्हणून कोणी गड्याला मुकादम म्हणत नाही.

दुसरा आक्षेप कामगारांचाच. हातात चार पैसे जास्त येतात, निर्वाह निधी हवा कशाला? तरुणपणी असे वाटते. पण वरच्या हिशेबात जास्त आले कुठे? दोन हजार कमीच आले.

तिसरा मुद्दा सरकारचा. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे, कंत्राटी आरोग्य कर्मचारी, ‘मानधना’वर डोंगरवाड्या तुडवणाऱ्या आशा, हे सगळे सरकारच्याच दारातले. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायलाही २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सरकारच शब्दांचा असा खेळ करू लागले, तर कारखानदाराला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

करण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. फीमधून झालेल्या कपातीची नोंद कर खात्याकडे असतेच. वर्षभर दर महिन्याला एकाच देणाऱ्याकडून तेवढीच रक्कम, आणि दुसरीकडून काही नाही, अशी माणसे त्या नोंदींतून सहज दिसतील. ही माहिती निर्वाह निधी कार्यालयाला नियमाने दिली जावी आणि तिथून चौकशी सुरू व्हावी. एवढ्यावरून कोणी नोकर ठरत नाही, पण विचारपूस करण्याइतके कारण नक्की मिळते. आणि ती कार्यालयाने आपणहून करावी. तक्रारीची वाट पाहू नये.

कारण तक्रार येणार नाही. त्या मुलाचे चालू वर्षाचे विवरणपत्र आम्ही भरले, मागच्या वर्षांसाठी अर्ज केले. निर्वाह निधीचे काय करायचे, असे मी विचारले. तो आईकडे पाहून म्हणाला, "नको काका. काम जाईल." घरी एक एकर भात, धाकट्या बहिणीचे शिक्षण. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

जाताना त्याने करार परत पिशवीत घातला. आईने पुन्हा विचारले, "मग हा नोकर का सल्लागार?" तिला मी म्हटले, "मावशी, तुमच्या लावणीला बांधावर कोण उभे असते?" ती म्हणाली, "ज्याचं शेत तो." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि याच्या बांधावर तर दिवसभर तो सुपरवायझर असतो."

निकाल तिने दिला होता. तो अमलात आणणारे कार्यालय तेवढे हवे आहे.