गृहारोग्य : खेळतांना आलेली भोंवळ

जून २०२४ मध्यें मीरा रोड येथें क्रिकेट खेळत असलेले एक गृहस्थ षटकार मारल्यावर कांहीं क्षणांतच मैदानांत कोसळले; त्यांचे प्राण वाचले नाहींत. त्या प्रसंगाची चित्रफीत घरोघर पाहिली गेली, आणि ‘धडधाकट माणूस असा कसा जातो?’ हा प्रश्न मागें राहिला. अशा मृत्यूंचीं कारणें अनेक असतात. रक्तवाहिन्यांत मेद सांचणें हें प्रौढ वयांतील नेहमींचें कारण होय. आज विचार करावयाचा आहे तो तरुणांच्या बाबतींतील एका निराळ्या, जन्मापासूनच बरोबर आलेल्या कारणाचा.

हृदय सर्व देहास रक्त पुरवितें, पण त्याचें स्वतःचेंही पोषण व्हावें लागतें. महारोहिणीच्या मुळापाशीं उगम पावणाऱ्या डाव्या व उजव्या हृद्-रोहिणी हें काम करितात. शंभरांत सुमारें एकाच्या बाबतींत त्यांच्या रचनेंत जन्मतः कांहीं वेगळेपण असतें. बहुतेकांस त्याचा उपद्रव होत नाहीं. परंतु एखादी वाहिनी भलत्याच बाजूस उगम पावून महारोहिणी व फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी यांच्या मधून गेली, तर धोका संभवतो. धांवतांना या दोन्ही मोठ्या वाहिन्या फुगतात, मधली दबते, आणि हृदयास रक्ताची निकड असते नेमका तेव्हांच पुरवठा तुटतो. स्वस्थ बसलें असतां कसलीच तक्रार नसते.

अमेरिकेंतील प्रसिद्ध बास्केटबॉलपटू पीट मॅराव्हिच दहा वर्षें व्यावसायिक सामने खेळला. जानेवारी १९८८ मध्यें, चाळिसाव्या वर्षीं, खेळतांनाच तो गेला. शवपरीक्षेंत आढळलें कीं, त्यास डावी हृद्-रोहिणी जन्मतःच नव्हती! शरीर पिळदार म्हणजे हृदय निर्दोष, हा आपला समज किती फोल आहे, हें यावरून दिसतें.

कित्येकदां पूर्वसूचना मिळत नाहीं. पण मिळते तेव्हां ती घरांतच विरून जाते. मुलगा धांवतांना भोंवळ येऊन पडला, तर आजी दृष्ट काढतात, काका ‘उपाशी गेला असेल’ म्हणतात, आणि संघांतील जागा जाईल या भयानें मुलगाही छातींतील कळ लपवितो. मुलीच्या बाबतींत तर ‘अशक्तपणा’ म्हटलें कीं विषय संपला! वाचकभगिनींनो, श्रम चालू असतांना आलेली मूर्च्छा किंवा छातींतील वेदना क्षुल्लक मानूं नका. साधा कार्डिओग्राम निर्दोष आला तरी तेवढ्यावर थांबूं नये. हृदयतज्ज्ञांस ‘हें खेळतांना झालें’ असें स्पष्ट सांगावें. इको व जरूर तर सीटी अँजिओग्राफी यांनीं वाहिन्यांचा मार्ग कळतो. दोष धोक्याचा असल्यास शस्त्रक्रियेनें तो दूर करतां येतो.

कोणी कोसळून श्वास थांबला, तर १०८ क्रमांकास कळवावें, आणि मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाब देत राहावें. तरुणांनीं खेळूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्यांनीं अवश्य खेळावें. मात्र परत आल्यावर ‘आज जरा चक्कर आली’ असें ते म्हणाले, तर घरांतील एकानें तरी तें नीट ऐकून घ्यावें.